शाळेची परसबाग आणि ताटातली भाजी : कामाच्या नोंदी, जून ते फेब्रुवारी

१८ जून २०२४

माण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३४. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ किंवा कडधान्य २०, तेल ५ आणि भाजी ५० ग्रॅम धरलेली असते. म्हणजे आमच्याकडं दिवसाला १ किलो ७०० ग्रॅम भाजी लागते. ती कढईत पडते, ताटातही येते, आणि तिथून पुढं जात नाही. दुसरीतला एक मुलगा खिचडीतली भोपळ्याची प्रत्येक फोड बोटानं बाहेर काढतो आणि ताटाच्या कडेला ओळीनं लावतो, मग निवांत भात खातो. त्याच्या शेजारी बसणारे आता तसंच करायला लागलेत.

मागच्या वर्षी ओरडून, समजावून, 'डोळे चांगले होतात' सांगून झालं, काही उपयोग झाला नाही. या वर्षी शाळेमागच्या मोकळ्या जागेत परसबाग करायची ठरवलीय. जागा अर्धा गुंठा भरेल. कुणाला आपल्या शाळेत नाहीतर घरामागं असं करायचं असलं तर काय चाललं काय फसलं ते कळावं म्हणून तारखा टाकून लिहून ठेवतेय.

२५ जून

जमीन सगळी मुरमाड. पहार मारली तर ठणकन आवाज येतो. एका पालकानं ट्रॉलीभर माती आणि शेणखत आणून टाकलं, डिझेलचे ३०० रुपये तेवढे दिले. गादीवाफे, म्हणजे जमिनीपासून उंच केलेले वाफे, केले, रुंदी एवढीच ठेवली की पहिलीतल्या पोराचा हात दोन्ही बाजूंनी मधापर्यंत पोचला पाहिजे. हे आधी ठरवा, नाहीतर पोरं वाफ्यात पाय देतात आणि सगळं तुडवलं जातं.

लावलं काय : भेंडी (परभणी क्रांती, हळद्या रोगाला दाद देत नाही म्हणून तीच घेतली), गवार, दोडका, लाल माठ, कोथिंबिरीसाठी धने. कुंपणाच्या कडेला शेवग्याची फांदी, मनगटाएवढी जाड, खोचून दिली. बियाण्याला १९० रुपये गेले.

पाण्याचं आमच्याकडं आधी बघावं लागतं, हा दुष्काळी पट्टा आहे. जेवणाआधी पोरं हात धुतात ते पाणी पाइपनं वाफ्यात सोडलंय. पाइप, जोड वगैरे ७०० रुपये. ताटं घासल्याचं साबणाचं पाणी मात्र वेगळं काढलं, ते भाजीला नको.

५ जुलै

भेंडी, गवार वर आली. लाल माठ तर केसासारखा दाट उगवलाय, विरळणी करावी लागणार. धने अजून आलेच नाहीत. उकरून बघितलं तर दाणे तसेच अख्खे पडलेले. धने अख्खे पेरायचे नसतात, वहाणेनं किंवा पाट्यावर हलकेच रगडून दाण्याचे दोन भाग करायचे आणि मग टाकायचे, एका मुलाच्या आजीनं गेटवरून जाता जाता सांगितलं. परत पेरले. दहा दिवस वाया.

१२ जुलै

शेळ्या आल्या. रविवारी नाही, भर शाळेच्या वेळेत, आम्ही दोघंही वर्गात होतो. गवारीचे शेंडे आणि अर्धा माठ संपवला. बाभळीच्या काट्याचं कुंपण होतं त्यातून आरामात आत शिरल्या. शेवटी हिरवी जाळी आणली, ८५० रुपये, लाकडं पालकांनी दिली. हा खर्च पहिल्या दिवशीच करायला हवा असतो, बियाणं नंतर आणलं तरी चालतं.

१९ जुलै

बाग तयार होईपर्यंत ताटाचं काय, म्हणून दुसरा उपाय करून बघितला. स्वयंपाकाच्या मावशींनी भोपळा आणि गाजर शिजवून, घोटून डाळीत मिसळलं. सगळ्यांनी खाल्लं, एक शीत उरलं नाही. मोबाइलवर असल्या युक्त्या ढिगानं मिळतात, आम्हालाही वाटलं जमलं.

चौथ्या दिवशी भोपळ्याच्या नेहमीच्या फोडी केल्या तर ओळ पुन्हा ताटाच्या कडेला. डाळीत भोपळा होता हे पोरांना माहीतच नव्हतं तर भोपळ्याशी ओळख कुठून होणार. वर एकीनं भांड्यात डोकावून विचारलं, "मॅडम, ह्यात काय घातलंय?" म्हणजे आता डाळीवरचाही विश्वास जायला लागला. ते बंद केलं. माझं स्पष्ट मत आहे, लपवून घातलेली भाजी पोटात जाते हे खरं पण खायची सवय लागत नाही. आजारी, अगदीच न खाणाऱ्या पोरासाठी ठीक आहे, रोजचा उपाय म्हणून नको.

२६ जुलै

शेळ्यांनी सोडलेला लाल माठ आज कापला. निवडायला तिसरी-चौथीला बसवलं, पेपर अंथरून, कार्यानुभवाच्या तासाला. विळी-सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, नुसतं देठ मोडणं, पानं बघणं. मावशींना महिन्याला २५०० रुपये मानधन, त्यात ३४ पोरांचा स्वयंपाक, भांडी. त्यांनी एकटीनं पालेभाजी निवडत बसावं ही अपेक्षाच चूक आहे. पालेभाजी शाळेत होत नाही त्याचं निम्मं कारण हेच.

लसूण, मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट. भातात कालवल्यावर भात गुलाबी झाला! पहिलीतली पोरं ताट एकमेकांना दाखवत सुटली, "माझा जास्त झालाय, माझा जास्त". रंग वाढवायला आणखी भाजी मागून घेतली. चव आवडली म्हणून नाही, रंगासाठी घेतली, तरी तोंडात गेली आणि कुणी थुंकली नाही. भोपळ्याच्या ओळीवाल्यानंही घेतली.

६ ऑगस्ट

सहशिक्षकांनी सुचवलं म्हणून फळ्याशेजारी तक्ता लावला होता, भाजी संपवली की चांदणी, पाच चांदण्यांना पेन्सिल. आठवडाभर जोरात चाललं. मग दिसायला लागलं की पोरं भाजीचा घास पाण्याबरोबर गोळीसारखा गिळतात आणि धावत चांदणी मागायला येतात. एकानं भाजी खिशात घातली, त्याच्या आईनं चड्डी धुताना बघून दुसऱ्या दिवशी विचारलं. दोन लहानग्या चांदण्या नाहीत म्हणून रडल्या. पेन्सिली संपल्या तशी भाजीही थांबली. तक्ता काढून टाकला. बक्षिसाचा अर्थ पोरं बरोबर लावतात, जे खायला बक्षीस द्यावं लागतं ते वाईटच असणार.

१४ ऑगस्ट

भेंडीची पहिली तोड. लव लागून हात खाजतात म्हणून मोठ्यांनी हाताला जुने मोजे घातले. चौथीतल्या एका मुलीनं कोवळी भेंडी तिथंच मोडून खाल्ली आणि म्हणाली काकडीसारखी लागते. मग सगळ्यांनाच पाहिजे. धुऊन एकेक दिली. याच पोरी भेंडीची भाजी ताटात सोडतात, हे मी रोज बघते. कच्ची खातात आणि शिजवलेली नको, म्हणजे गडबड शिजवण्यात आहे का, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

२० ऑगस्ट

शनिवारी तोडायची राहिली, रविवार गेला, सोमवारी राखीपौर्णिमेची सुट्टी. आज येऊन बघतो तर भेंड्या वीतभर आणि निबर, मोडताच येईनात. पावसाळ्यात भेंडीला दोन दिवसांवर थांबवता येत नाही आणि निबर ठेवली की झाड नवीन फळ कमी धरतं. किलोभर तरी वाया गेली, त्यातल्या चार बियाण्यासाठी झाडावरच ठेवल्या, खूण म्हणून लाल दोरा बांधला.

उपाय असा केला की शाळेजवळच्या वस्तीवरच्या तीन घरांतली पोरं सुट्टीत तोडणार आणि तोडलेली भाजी त्यांनीच घरी न्यायची. याचा फायदा आम्ही धरलाच नव्हता तो झाला. पोरगं स्वतः तोडून आणलेली भाजी आईसमोर ठेवतं आणि कर म्हणतं. त्यातली एक आई मला म्हणाली, घरी आणलेल्या पहिल्या भाजीचं श्रेय घेत पोरगं सगळ्यांना वाढत होतं.

२९ ऑगस्ट

आज जे केलं त्यानं सगळ्यात जास्त फरक पडलाय म्हणून सविस्तर लिहिते.

जेवणाच्या वेळी नियम बदलला. भाजी खाल्लीच पाहिजे असं नाही. चाखायची, एक घास. नाही आवडली तर ठेवायची, कुणी काही बोलणार नाही, मावशीही नाही आणि आम्हीही नाही. पण 'आवडत नाही' एवढंच सांगायचं नाही, काय आवडत नाही ते सांगायचं. आणि तो शब्द मी फळ्यावर लिहिणार.

पहिल्याच दिवशी फळा भरला. भेंडी : "बुळबुळतंय". गवार : "दोरा येतुया तोंडात", "घशात आडकतो". दोडका : "पाणी पाणी लागतंय". भोपळा : "गोड हाय, भातात गोड कशाला". वांगं : "काळं दिसतंय". कोबी : "वास येतो".

परत वाचा. यात कडू कुणीच म्हटलं नाही. जवळजवळ सगळी तक्रार चिकटपणाची, दोऱ्याची, पाण्याची, वासाची. त्यातल्या बहुतेक गोष्टी आपल्या हातात आहेत! आपण वर्षानुवर्षं पोर भाजी खात नाही म्हणतो आणि ते पोर खरं तर गिच्च शिजलेला लगदा खात नसतं.

मावशींबरोबर बसलो, त्यांनीच मार्ग काढले. भेंडी आदल्या दिवशी धुऊन कोरडी करायची, ओली चिरायची नाही, तुकडे मोठे, लोखंडी कढई चांगली तापवून टाकायची, झाकण ठेवायचं नाही, मीठ शेवटी आणि उतरवताना लिंबू पिळायचं. गवार दोन्ही बाजूंनी शिर काढून मोडायची, हे काम पोरं करतील. कोबी उकडायचा नाही, चिरून फोडणीत परतून खाली घ्यायचा, जास्त शिजला की तो वास येतो. भोपळ्याला खिचडीतून बाहेर काढून मिरची-मेथ्यांची फोडणी द्यायची, गोडाला तिखट लागलं की खातील.

३० ऑगस्ट

कोरडी भेंडी केली. ताटं परत आली ती बहुतेक मोकळी. ज्यानं बुळबुळतंय म्हटलं होतं त्याला फळ्यावरचा शब्द पुसायला दिला. तो पुसायला उठला तसं बाकीचे ओरडायला लागले, माझाही पुसा.

सगळं एका दिवसात झालं असं समजू नका. पाच-सहा जणांनी आजही घास ठेवला. नवीन चव लहान पोरांना आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते तेव्हा ती ओळखीची होते, आणि आपण तिसऱ्या वेळी 'याला आवडतच नाही' म्हणून सोडून देतो.

९ सप्टेंबर

काल ऋषीपंचमी होती. आज पोरांना विचारलं घरी ऋषीची भाजी कुणी कुणी खाल्ली. त्या एका भाजीत अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, मक्याचं कणीस, कच्चे शेंगदाणे असं सगळं एकत्र पडतं, तेल नाही, मसाला नाही. निम्म्या घरांत केली होती, पोरांनी कणीस आणि शेंगदाणे शोधून खाल्ले आणि बाकी आईला दिली. तरी एक मुलगी भाजीत किती भाज्या ओळखल्या ते बोटांवर मोजून सांगत होती, मला तेही पुरेसं वाटलं.

२० सप्टेंबर

दोडका भरपूर लागलाय. फळमाशीनं बरेच वाकडे केले, ते रोज तोडून पुरायचे, झाडाखाली पडू द्यायचे नाहीत नाहीतर अळी मातीत उतरते आणि पुन्हा माशी तयार. निंबोळी अर्क मारला, लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजत, सकाळी गाळून.

'पाणी पाणी' या तक्रारीवर दोडक्यात मुगाची डाळ घालून कोरडी भाजी केली, ती ठीकठाक गेली. पण खरी चालली ती शिरांची चटणी. दोडका सोलताना ज्या खरबरीत शिरा निघतात त्या फेकायच्या नाहीत, तेलात कडक परतायच्या, तीळ, शेंगदाणे, कढीपत्ता, लसूण, तिखट घालून जाडसर कुटायच्या. पोरं डब्यातून भाकरी आणतात, तिच्याबरोबर चटणीच्या वाटीवर झुंबड. मावशींनी खलबत्त्यात कुटायला चौथीच्या पोरांना दिली, त्यामुळं ती 'आमची चटणी' झाली.

५ ऑक्टोबर

भेंडी, गवार उपटली. हिवाळ्याची पेरणी : मेथी, पालक, मुळा, गाजर, पावटा, वांग्याची रोपं. १३० रुपये. मेथी सगळी एकदम पेरली नाही, वाफ्याचे तुकडे करून पंधरा-पंधरा दिवसांनी पेरायची, नाहीतर एकाच आठवड्यात सगळी तयार होते आणि उरलेली फुलावर येते.

२६ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी लागतेय. पाणी कोण घालणार, हा प्रश्न परसबाग करणाऱ्या प्रत्येक शाळेचा आहे आणि बहुतेक बागा इथंच मरतात. कुंभाराकडून ६० रुपयांना एक अशी आठ मडकी आणली, कच्च्या भाजणीची, वरून रंग नसलेली. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरली, पाणी भरून तोंडावर झाकण. पाणी पाझरून मुळाशी जातं. वस्तीवरच्या पोरांनी दोन-तीन दिवसांनी येऊन मडकी भरायची, रोज यायची गरज नाही.

२५ नोव्हेंबर

सुट्टी संपली तशी निवडणुकीची कामं आली. २० तारखेला विधानसभेचं मतदान, आमची शाळा मतदान केंद्र, आम्ही दोघं ड्युटीवर दुसरीकडं. मधल्या काळात खुरपणी झाली नाही, पावट्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, इतका बसला की शेंडे काळे झाले. शेंडे खुडून जाळले, बाकीवर निंबोळी अर्क. मडक्याजवळची झाडं मात्र जोमात होती, लांबची वाळली. पुढच्या वेळी मडकी जास्त लागतील.

मुळा तयार. आज पोरांनी उपटला. मातीतून पांढरा मुळा सटकन वर येतो तेव्हा जो ओरडा होतो तो एकदा ऐकावा. धुऊन, गोल चकत्या, मीठ लावून. तिखट आहे, नाकात जातो, डोळ्यांत पाणी आलं तरी परत हात पुढं. पाल्याची भाजी केली हरभऱ्याची डाळ भिजवून, ती फक्त मोठ्यांनी खाल्ली.

१० डिसेंबर

मेथी. ही कडू आहे आणि ते कबूल करायला हवं, लहान पोरांना कडू आपल्यापेक्षा जास्त जाणवतं. शिजवलेली मेथी पहिलीच्या पोरांनी चाखून ठेवली. मग एका आजीच्या सांगण्यावरून घोळाणा केला : कोवळी कच्ची मेथी धुऊन मोडायची, बारीक कांदा, जाडसर कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, हातानं हलकं घोळायचं, जास्त चुरडलं की कडवटपणा येतो. भाकरीबरोबर दिला. मेथी कोवळीच पाहिजे, तीन-चार आठवड्यांची, फुलावर आलेली चालत नाही. भोपळ्याच्या ओळीवाला दोनदा मागायला आला. शिजवलेली मेथी तो अजून खात नाही आणि आम्ही त्याला खा म्हणतही नाही.

१३ जानेवारी २०२५

भोगी. पंधरा दिवस आधी ठरवलं होतं की भोगीची भाजी शाळेतच, बागेतली. पावटा थोडाच वाचला होता, वांगी भरपूर, गाजर आजच उपटलं. मुरमाड जमिनीमुळं गाजराला फाटे फुटलेले, दोन पाय, तीन पाय, एकाला तर हातही. बाजारात असली गाजरं कुणी घेणार नाही, इथं मात्र कुणाचं गाजर कुणासारखं दिसतं यावर अर्धा तास गेला आणि धुताना निम्मी कच्चीच संपली. सोलाणा (ओला हरभरा) आणि बोरं पालकांनी पाठवली, तीळ-शेंगदाण्याचं कूट मावशींचं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी चार घरांतून आल्या.

ऋषीपंचमीला ज्या पोरांनी कणीस-शेंगदाणे वेचून खाल्ले त्यातल्या बऱ्याच जणांनी आज भाजी सरळ भाकरीवर घेतली. वांगं काळं दिसतं म्हणणाऱ्या मुलीनं वांगं बाजूला काढलं, गाजर-पावटा खाल्ला. तिला वांग्याची साल काढून एकदा भरीत देऊन बघायचंय.

४ फेब्रुवारी

खर्चाचा हिशेब : बियाणं ३२०, ट्रॉली ३००, पाइप ७००, जाळी ८५०, मडकी ४८०, एकूण २६५० रुपये. १२०० रुपये शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी वर्गणी काढून दिले, बाकी आम्ही दोघा शिक्षकांनी. जाळी, पाइप, मडकी पुढच्या वर्षीही चालतील.

बाग रोजची १ किलो ७०० ग्रॅम भाजी पुरवते का, तर नाही. भर हंगामात आठवड्यातून दोन दिवस भागतं, बाकी भाजी बाजाराचीच. अर्ध्या गुंठ्यातून यापेक्षा जास्त धरू नका. पण बाजारच्या भाजीची ताटंही आता मोकळी येतात, कारण ती भाजीही मावशी नव्या पद्धतीनं करतात आणि नवीन तक्रार आली की फळ्यावर जाते.

फळ्यावर सध्या उरलेत : वांगं काळं, शिजवलेली मेथी कडू, मुळ्याच्या पाल्याला वास. शेवग्याची फांदी जगली, पालवी फुटलीय, शेंगा यायला वेळ आहे. पोषण आहाराच्या पाककृतींत मूग-शेवगा वरण-भात आहे, त्या दिवशी पोरं शेंग चोखायची कशी ते एकमेकांना दाखवतात, तर शेवग्याची काळजी नाही.

लाल दोऱ्याच्या भेंड्यांचं बी काढून चुलीच्या राखेत घोळून बरणीत ठेवलंय. शेजारच्या वाडीवरच्या शाळेतल्या बाईंनी मागितलंय, त्यांना अर्धं देणार. त्यांना जाळी आधी घ्या म्हणून निरोपही पाठवलाय.